आजचा हात

“काकू, तुम्ही कुस्तीला आलाय का?”

शेजारच्या लेनवर सराव करणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने हे विचारलं तेव्हा मी नेमबाजीच्या रेंजबाहेरच्या पॅसेजमध्ये दोन्ही हात खांद्यापासून गरागरा फिरवत होते. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. पुढच्या सव्वा तासात मला जे करायचं होतं त्यात हालचाल म्हणावी अशी गोष्ट एकच: एक किलोला थोडं कमी वजन खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचं, बोटाचं टोक किंचित मागे घ्यायचं, हात खाली आणायचा. असं साठ वेळा. धावणाऱ्याने अंग तापवावं, पोहणाऱ्याने तापवावं, पैलवानाने तर तापवावंच. ज्याला खांबासारखं उभं राहायचंय त्याने कशाला?

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि तेव्हा ते मला नीटसं येतही नव्हतं.

एअर पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. पोटापाण्याचं काम प्रूफं तपासण्याचं. म्हणजे दिवसातले आठ-नऊ तास मान पुढे, खांदे गोल, उजव्या हातात लाल पेन नाहीतर माउस, आणि डोळे दीड फुटावर रुतलेले. असं शरीर संध्याकाळी रेंजवर नेऊन उभं करायचं आणि त्याला सांगायचं, आता दहा मीटरवरच्या शर्टाच्या बटणाएवढ्या वर्तुळावर नेम धर. बटण हे मी उगीच म्हणत नाही. दहा मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. कपाटातला कुठलाही शर्ट काढून मोजून बघा.

माझी कोच माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. मला ताई म्हणते आणि ताई म्हणत म्हणतच रागावते. पहिले सहा महिने ती रोज विचारायची, “ताई, आज हात कसा आहे?” मी म्हणायचे, “बरा आहे.” कुणी तब्येतीची चौकशी केली की म्हणतो तसं. एक दिवस ती म्हणाली, “बघितलात का? रोज न बघताच सांगता.”

हात बघायचा म्हणजे काय करायचं, हे कळायला मला पुढे वर्ष लागलं.

हात हलतो. सगळ्यांचाच हलतो. धडधाकट माणसाने हात पुढे धरला तरी त्याला एक बारीक थरथर असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. तिच्यावर श्वासाची संथ लाट, त्या लाटेवर नाडीचा ठोका, आणि या सगळ्याच्या खाली घोट्यांपासून वर येणारा अख्ख्या देहाचा झोका. एरवी यातलं काही जाणवत नाही. पिस्तूल उचलून पुढच्या साइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावर नेम धरायला असलेल्या पात्याच्या, वरच्या कडेवर नजर ठेवली की सगळं दिसायला लागतं. जिना घाईघाईने चढून आलेलं असेल तर साइट नाडीच्या तालावर उडते. मनगटावर बोट न ठेवता ठोके मोजता येतात. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी घाबरले होते. मला वाटलं, मला काहीतरी झालंय.

नवख्याचा पहिला उद्योग म्हणजे ही थरथर दाबायची. मूठ आवळायची, दात आवळायचे, श्वास कोंडायचा. खांदा हळूहळू कानाकडे सरकतो आणि थरथर दुप्पट होते. मी हा उद्योग मनापासून, बराच काळ केला. शेवटी कोचने एक दिवस फळ्यावर दोन रेघा मारून गणित मांडलं. माझ्या पिस्तुलावर पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात साधारण 35 सेंटिमीटरचं अंतर आहे. सबंध हात, दोन्ही साइट्स जुळलेल्या ठेवून, पाच मिलिमीटर डावीकडे सरकला तर टार्गेटवरचं छिद्रही पाचच मिलिमीटर सरकतं. दहाचे दहा मिळतात, कारण पेलेट, म्हणजे छर्रा, 4.5 मिलिमीटरचा असतो आणि त्याची कड रेघेला शिवली तरी वरचे गुण धरतात. पण मनगट जरासं वाकलं आणि पुढची साइट मागच्या खाचेत नुसती एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर तीच चूक 28 मिलिमीटरची होते. सात गुण. बटण राहिलं कुठच्या कुठे.

“हात हलू दे ताई,” ती म्हणाली, “तुकड्यातुकड्यांनी हलू नये.”

वॉर्म-अपचं मला कळलेलं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. थरथर घालवायची नसते, ती जात नाही. खांद्याने एक, कोपराने दुसरं आणि मनगटाने तिसरंच काहीतरी करायचं, असं होऊ द्यायचं नसतं. हलायचंच आहे तर सगळ्यांनी मिळून हलावं. दिवसभर ज्या खांद्याने माउस सांभाळला आणि ज्या मनगटाने लाल रेघा मारल्या ते संध्याकाळी एकमेकांशी बोलायच्या अवस्थेत नसतात. त्यांची बोलणी सुरू करून द्यायला वेळ लागतो. माझ्या वयात वीस मिनिटं. त्या कुस्तीवाल्या मुलाला बहुधा दोन.

हे कळण्याआधी मी दोन्ही टोकांना जाऊन आले.

माझी पहिली मॅच. साधीच, क्लबातल्या क्लबातली. पण वॉर्म-अप करायचा तर मनापासून करू म्हणून मी चेंजिंग रूममध्ये गुडघे टेकून वीस पुशअप्स काढले. मग जागच्या जागी उड्या. मस्त वाटलं. अंगात वीज खेळतेय, गाल गरम, आता काय ते एकदाचं होऊन जाऊ दे. लेनवर जाऊन पिस्तूल उचललं तर साइट चालू गिरणीच्या पाटावर ठेवल्यासारखी. दंडाच्या आणि खांद्याच्या ज्या स्नायूंनी मला पुढे साठ वेळा वजन तोलून द्यायचं होतं त्यांना मी आधीच दमवून आणलं होतं, आणि दमलेला स्नायू जास्त थरथरतो. वर नाडी चढलेली. पहिल्या दहा शॉट्सची सिरीज शंभरपैकी 74. मागे उभ्या असलेल्या कोचने एक शब्द काढला नाही. मॅच संपल्यावर एवढंच म्हणाली, “कुणी सांगितलं होतं?”

कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतल्या पी.टी.च्या तासाची आठवण अंगात होती, तिने सांगितलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. काहीच नको. मॅचच्या आधी पंधरा मिनिटं तयारीची आणि साइटर्सची मिळतातच. त्या वेळात हवे तेवढे शॉट मारा, ते गुणांत धरत नाहीत. त्यातच अंग मोकळं होईल की! हा विचार ऐकायला किती शहाणपणाचा वाटतो. त्या मॅचमध्ये साइटर्स सगळे खाली-डावीकडे बसत होते. एकाच जागी, छान पुंजका. पुंजका घट्ट आहे म्हणजे साइटचीच गडबड असणार, असं म्हणून मी स्क्रू फिरवून साइट वर-उजवीकडे घेतली. लगेच दहा, दहा, नऊ, दहा. वा! मॅच सुरू झाली, पहिली सिरीज बरी गेली. दुसऱ्या सिरीजच्या मध्यावर खांदा खऱ्या अर्थाने उघडला, हात त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसला, आणि पुंजका सरकला वर-उजवीकडे. साइट बरोबरच होती. मी ती आखडलेल्या खांद्याला लावून ठेवली होती. परत स्क्रू फिरवला. नेमका किती फिरवला होता ते आठवेना. मग जरा जास्त झाला, मग परत उलटा. प्रूफात कधी कधी एकाच ओळीत तीन दुरुस्त्या करून शेवटी समासात लिहावं लागतं, मूळचं होतं तेच ठेवा. तसं. फरक एवढाच की कागदावर खोडलेलं परत जागेवर येतं, इथे गेलेले शॉट परत येत नाहीत.

त्या दिवशी घरी जाताना मला कोचचा रोजचा प्रश्न कळला. साइटर्स टार्गेट बघायला असतात. हात त्याआधी बघून झालेला असावा लागतो.

आता माझा वॉर्म-अप रेंजच्या दाराबाहेरच सुरू होतो आणि त्याचा पहिला भाग कुणाच्या लक्षातही येत नाही: पिस्तुलाची पेटी डाव्या हातात. पेटीत पिस्तूल, सिलिंडर, पेलेट्स, हत्यारांचा छोटा डबा. वजन बऱ्यापैकी होतं. ज्या हाताने नेम धरायचा त्याच हाताने हे ओझं पार्किंगपासून वाहून आणायचं आणि मग बोटं जड का झाली म्हणून कोड्यात पडायचं, हे मी महिनोन्महिने केलेलं आहे. मग दहा मिनिटं चालणं. घाम येऊ द्यायचा नाही, नुसती हातापायाची बोटं कोमट व्हायला हवीत. फोन पेटीत. चालताना फोन बघितला तर ज्या मानेला सोडवायला आलो तीच परत अडकते.

मानेचं मी झटपट उरकते. हनुवटी उजव्या खांद्याकडे, मग डाव्या, चार-पाच वेळा, सावकाश. पिस्तूलवाल्याचं अंग टार्गेटकडे आडवं असतं आणि डोकं तेवढं वळवून हाताच्या रेषेत आणायचं असतं, म्हणून उजवीकडची बाजू जास्त. अर्ध्यात मान अडली तर डोळा साइटमधून तिरका बघतो आणि चेहऱ्याचे स्नायू फुकट कामाला लागतात. खांद्यांना मात्र वेळ देते. आधी दोन्ही खांदे वर, मागे, खाली. मग रबरी पट्टा: कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा, हळू, दहा-बारा वेळा, जोर न लावता. पाठीवरची पंख्यासारखी हाडं खाली आणि मागे बसली की हात उचलताना खांदा कानाकडे धावत नाही. ताणाचे प्रकार करायचे पण एकेक ताण मिनिट-मिनिट धरून बसायचं नाही. फार वेळ ताणून ठेवलेला स्नायू काही काळ ढिला आणि दुबळा राहतो, आणि आपल्याला तर तो लगेच वापरायचा असतो. ते लांबलचक ताण रात्री घरी.

हे सगळं डाव्या बाजूनेही करायचं, आणि इथे मी पूर्वी हमखास चुकारपणा करायचे. डाव्या हाताला काम काय? तो तर खिशात. पण एका बाजूने वजन तोलताना दुसऱ्या बाजूची कंबर आणि पाठ ते पेलत असते. शिवाय डाव्या हाताला कमी लेखण्याआधी कारोय टाकाच आठवावा. हंगेरीचा हा सैनिक उजव्या हाताने उत्तम पिस्तूल चालवायचा. 1938 मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटला आणि तो हात कामातून गेला. त्याने डावा हात शिकवला आणि 1948 मध्ये लंडनला, मग 1952 मध्ये हेलसिंकीला, 25 मीटर रॅपिड फायरचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. मी त्याच्यापासून घेतलेला धडा फारच छोटा आहे. डाव्या हातालाही रबरी पट्टा, दहा वेळा.

मग येतं पेन.

हा माझा आवडता भाग, आणि माझ्याच धंद्यातलं हत्यार. पिस्तुलाच्या ग्रिपवर मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांची पकड असते, अंगठा नुसता टेकलेला, आणि तर्जनी एकटी ट्रिगरवर. अडचण अशी की हाताची बोटं मोठी मायाळू असतात. एकाने हालचाल केली की बाकीची मदतीला धावतात. तर्जनी मागे येते, लगेच करंगळीही आवळते, आणि पिस्तुलाचं तोंड खाली वळतं. तुम्हाला वाटतं आपण फक्त ट्रिगर दाबला. छिद्र सांगतं, अख्खी मूठ दाबली.

म्हणून मी लाल पेन तीन बोटांत आणि तळव्यात धरते, टोक पुढे, पिस्तुलासारखं. भिंतीवर कुठलातरी ठिपका शोधते. खिळ्याचं भोक, रंगाचा पोपडा, काहीही. पेनाचं टोक त्याच्या खाली आणते. आणि मग तर्जनी मागे घेते, केस ओढावा इतक्या हळू. टोक हललं? हलतंच. करंगळी कुठेतरी वळवळते. परत. तर्जनी हवेत चालतेय आणि बाकीच्या बोटांना त्याची खबरही नाही, असं व्हायला हवं. पंचवीस-तीस वेळा केल्यावर एक क्षण येतो की पेनाचं टोक जागच्या जागी राहतं आणि बोट आपल्या वाटेने येऊन जातं. बोट माझं नाहीच असं वाटतं तेव्हा. काही दिवशी हा क्षण पाचव्यांदाच येतो, काही दिवशी चाळीस वेळा करून येत नाही. येत नाही त्या दिवशी मला कळतं की आज ट्रिगर घाईने ओढायचा मोह होणार आहे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला किमान 500 ग्रॅमचा भार लागायला हवा, मॅचच्या दिवशी वजन टांगून तपासतात. अर्धा किलो म्हणजे बोटाला काहीच नाही. तेवढ्यानेच सगळी भानगड होते, कारण जे इतकं सोपं आहे ते पटकन उरकावंसं वाटतं.

एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हा पेनाचा प्रकार करत बसले होते. समोरच्या सहकाऱ्याने थोडा वेळ बघितलं आणि हळूच खुर्ची बाजूला घेतली.

पायांचं थोडं. बूट घालून एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. डोळे मिटल्यावर घोटा किती कामं करत असतो ते समजतं. नियमाप्रमाणे पिस्तूलवाल्याचे बूट घोट्याच्या खालीच संपायला हवेत, म्हणजे घोट्याला बाहेरून आधार नाही. जो काही तोल आहे तो त्याचा त्यानेच सांभाळायचा. मी मिटल्या डोळ्यांनी वीस सेकंद टिकले की खूश असते.

डोळ्यांसाठी मात्र व्यायाम कमी आणि विश्रांती जास्त. प्रूफं बघणाऱ्या डोळ्याला सवय असते शिकारीची: चूक कुठे आहे, कुठे दडलीय. तीच सवय घेऊन मी टार्गेटकडे बघायचे. नजर सारखी त्या काळ्या गोलाकडे धावायची, आणि साइट धूसर. पिस्तूलमध्ये उलटं लागतं. पुढची साइट कातल्यासारखी स्वच्छ, टार्गेट धुरकट, आणि ते धुरकट आहे हे सोसायचं. म्हणून लेनवर जाण्याआधी पाच मिनिटं लांबवर कुठेतरी, शक्य तर झाडाकडे, काहीही न शोधता बघत राहते. मग हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे, परत झाडाकडे. पापण्या भरपूर मिटायच्या. एवढंच. मला हे शिकवायला कुणाला फार कष्ट पडले नाहीत, पण ‘काहीही न शोधता’ हे तीन शब्द मला अजून जड जातात.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने मला तो फोटो पाठवला होता. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य. खाली सगळ्यांचा एकच आशय: बघ, हा बघ, घरून उठून आला आणि पदक घेऊन गेला, तुमची ती थेरं कशाला? मला हसू यायचं. ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं, 2008 पासूनचं. आणि खिशातला हात ही बेफिकिरी नव्हे. मोकळा हात लोंबकळत ठेवला तर त्याचं वजन झुलतं, म्हणून बहुतेक पिस्तूलवाले तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. फोटोत दिसत होता तो आराम नव्हता. सगळ्या तुकड्यांची बोलणी होऊन गेल्यानंतरची शांतता होती ती, आणि बोलणी कॅमेऱ्यात येत नाहीत.

लेनवर गेल्यावर दुसरा अर्धा भाग. पिस्तूल हातात घेऊन जे काही करायचं ते फक्त इथे, तोंड टार्गेटकडे, आणि रेंज ऑफिसरने परवानगी दिल्यावरच. पॅसेजमध्ये पेन चालतं, पिस्तूल पेटीबाहेर येत नाही. याबाबतीत माझी कोच कुणाचंही वय बघत नाही.

आधी उभं राहण्याची जागा. पाय नेहमीसारखे लावायचे, पिस्तूल उचलून टार्गेटवर आणायचं, डोळे मिटायचे. दोन श्वास. हात जिथे आपोआप जाईल तिथे जाऊ द्यायचा. डोळे उघडून बघायचं साइट कुठे आहे. ती डावीकडे असेल तर हात उजवीकडे ओढायचा नाही. मागचं पाऊल किंचित हलवायचं, सगळं अंग एकदम वळवायचं, आणि परत डोळे मिटायचे. मला हे करताना दर वेळी थोडंसं आश्चर्य वाटतं. आपल्याला वाटतं काल जिथे उभे होतो तिथेच आज उभे आहोत. फरशीवर मी खूण केलेली आहे, बूट तेच, तरी हात आज चार बोटं भलतीकडे. रात्री कशी झोप झाली, दिवसभर कुठल्या कुशीवर बसलो, कंबर कुठे आखडलीय, सगळ्याची बेरीज होऊन हात तिथे जातो.

मग होल्ड. रिकामं पिस्तूल उचलायचं, टार्गेटऐवजी कोऱ्या पांढऱ्या कागदावर धरायचं, ट्रिगरला हात लावायचा नाही. पंधरा सेकंद नुसतं बघायचं. मग खाली, मिनिटभर उसंत, परत. पाच-सहा वेळा, जास्त नाही. हीच ती वेळ, हात बघायची. उचलल्यावर पहिले दोन-तीन सेकंद साइट डुलते, मग कमी होत होत एका जागी स्थिरावते, आणि नऊ-दहा सेकंदांनंतर परत सुटायला लागते; प्राणवायू कमी पडतो, डोळा शिणतो. मधला जो शांत पट्टा, तेवढाच आपला. तो रोज सारखा नसतो. काही दिवशी पाचव्या सेकंदाला सुरू होऊन आठव्याला संपतो. काही दिवशी चौथ्यालाच येतो आणि बराच टिकतो. थरथरीचा आकारही रोज वेगळा: कधी उभी, श्वासाबरोबर, कधी आडवी, म्हणजे पाय, कधी आठच्या आकड्यासारखी गाठ मारत फिरणारी. हे एकदा समजलं की मग मॅचमध्ये साइट हलताना दिसली तर धसका बसत नाही. ओळख झालेली असते.

होल्डनंतर दहा-बारा ड्राय फायर. मॅचच्या एअर पिस्तुलांना बहुधा अशी सोय असते की हवा न सुटता नुसता ट्रिगर टिचकतो. टिचकल्यावर साइट जागेवर राहिली का, हे बघत दोन सेकंद तसंच उभं राहायचं. पेलेट नाही, छिद्र नाही, गुण नाही, त्यामुळे फसवायलाही कुणी नाही.

मग साइटर्स. आणि मग ते सगळं विसरायला लावणारी धडधड.

मॅचच्या दिवशीच्या धडधडीवर औषध आहे. नाडी मंदावणारी, हात शांत करणारी बीटा ब्लॉकर्स. म्हणूनच नेमबाजीत ती बंद आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. 2008 मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं अशाच औषधापायी परत गेली. इतकी किंमत मोजून माणसं जी गोष्ट घ्यायला जातात, तिच्याजवळ जाण्याचा माझ्यापाशी एकच कायदेशीर रस्ता आहे आणि तो भलताच कंटाळवाणा आहे: चार मोजत श्वास आत, सात-आठ मोजत बाहेर, पाच मिनिटं. नाडी थोडी उतरते. थोडीच. पण मोजण्यात गुंतल्यामुळे शेजारच्या लेनवर कोण आलंय, त्याचं पिस्तूल किती भारी आहे, मागे कोण बघायला उभं आहे, याकडे पाच मिनिटं लक्ष जात नाही, आणि माझ्या बाबतीत खरा उपयोग त्याचाच होतो.

हल्ली फोनवर नेमबाजांसाठी चाळीस-चाळीस मिनिटांचे वॉर्म-अप फिरतात, पाठीमागे ढोल-ताशासारखं संगीत. एक-दोन मीही करून बघितले. त्यात चूक काही नाही, पण ते दुसऱ्या कुणाच्यातरी शरीराचे आहेत. कोचने मला एक वही घालायला लावली आहे, ती मला जास्त कामाची वाटते. पहिला शॉट मारण्याआधी तीन-चार ओळी लिहायच्या, गुण मिळाल्यानंतर नाही. नंतर लिहिलं की माणूस गुणांना साजेशी कारणं शोधतो. मागच्या महिन्यातली एक नोंद: ‘मान उजवीकडे अडते. पेन बाराव्यांदा. मागचं पाऊल दोन बोटं डावीकडे. थरथर आडवी, पाय दमलेत, काल उशिरापर्यंत उभी होते. शांत पट्टा पाच ते आठ.’ त्या दिवशी मी सहाव्या सेकंदापर्यंत जमलं नाही की पिस्तूल खाली आणत होते. एकूण नव्वदेक वेळा हात वर गेला असेल, शॉट साठच. 75 मिनिटांतली चार उरली होती. सहाशेपैकी 552 झाले. माझ्यासाठी हे फार चांगले आहेत, इतरांनी हसू नये.

ताईंनी आता हात बघायला सुरुवात केली, असं कोचने तिथल्या दुसऱ्या एकाला सांगितलं. मला नाही सांगितलं.

तो कुस्तीवाला मुलगा आता सोळाचा आहे आणि माझ्याहून वीस-बावीस गुण जास्त मारतो. परवा बघितलं, तो पॅसेजच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभा होता, हातात टोक केलेली पेन्सिल, तर्जनी मागे-पुढे. मी विचारलं, “काय रे, शाई संपली का?” त्याने मान वळवली नाही. म्हणाला, “काकू, थांबा, हललं बघा.”

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची राहिली. साठ शॉट झाल्यावर खांदा सावकाश उतरवायचा असतो. तेच ते ताण, पाच-दहा मिनिटं, स्नायू परत लांब व्हायला. कोच दर वेळी आठवण करते. मी दर वेळी हो म्हणते, पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग घालते, पेटी बंद करते आणि ती उजव्या हातात घेऊन चालू लागते, कारण आता काय, झालं की. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर करते तेव्हा तो कानापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.